बारा पोरं आणि एक जुनं ऑफिस : पुण्यातल्या एका प्रभागाचं प्रकरण

एका जुन्या, जपून चालणाऱ्या पक्षाच्या ऑफिसने बाहेरच्या कडव्या पोरांची भाषा उचलली आणि मग काय झालं, त्याची ही गोष्ट. आधीच सांगून टाकतो, यातली नावं, रस्ता, पक्ष, मंडळ सगळं काढलंय आणि ओळखू येतील असे दोन-चार तपशील बदललेत. तरी कोणाला वाटलंच की हा आपलाच प्रभाग आहे तर वाटू दे, कारण नंतर चार मित्रांशी बोललो तेव्हा "अरे आमच्याकडे पण सेम झालं" म्हणणारे निघाले.

मी तिथे कार्यकर्ता नव्हतो, पगारी माणूस होतो. माजी नगरसेवकांचं (यापुढे भाऊ) सोशल मीडिया आणि मतदार यादीचं काम तीन वर्षं बघायचो. म्हणजे मीटिंगला बसायला मिळायचं, चहा मिळायचा, मत कोणी विचारायचं नाही. आणि विचारलं तेव्हा मी जे सांगितलं ते पण चुकलंच, ते पुढे येईल.

पार्श्वभूमी

पक्ष जुना, जपून चालणारा. सोसायट्यांचे चेअरमन, दुकानदार, पतसंस्थेवाले, देवळाचे ट्रस्टी, निवृत्त नोकरदार अशा लोकांचा. परंपरा, शिस्त, टॅक्स वेळेवर भरणारा माणूस ही त्यांची भाषा. भाऊंचं ऑफिस त्याच गल्लीत चाळीस वर्षं, आधी त्यांच्या काकांचं होतं. रेशनकार्ड, दाखला, शाळेची अ‍ॅडमिशन, तुंबलेलं ड्रेनेज, सगळी कामं इथून व्हायची आणि मतं पण इथूनच यायची.

मग मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, निवडणूक झालीच नाही आणि प्रशासक बसला. हे नीट लक्षात घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. नगरसेवक असताना भाऊंचा फोन अधिकारी पहिल्या रिंगला उचलायचे, "माजी" झाल्यावर तेच अधिकारी "मीटिंगमध्ये आहे साहेब, नंतर करतो" असा मेसेज टाकायला लागले. ड्रेनेजचं काम होईना, लाइटचा पोल लागेना. ज्या पक्षाची सगळी पुण्याई छोट्या कामांवर उभी होती त्याच्याकडे सांगायला काम राहिलं नाही, मग राहिलं काय, तर भाषण. आणि भाषणात जुना माणूस नेहमी मार खातो, कारण समोरचा दोन पट्ट्या वर बोलू शकतो.

आता रस्ता. मेन रोडपासून देवळापर्यंत जेमतेम अर्धा किलोमीटर, दोन्ही बाजूंना मिळून साठ-सत्तर हातगाड्या आणि पथाऱ्या. भाजी, फळं, फुलं, चार वडापाववाले, एक चप्पल शिवणारे बाबा. पहाटे मार्केट यार्डातनं माल आणायचा, आठला गाडी लावायची. फुटपाथ गेलेला होता हे खरंच, ज्येष्ठ नागरिक रस्त्यावरून चालायचे आणि मागून पीएमपीची बस हॉर्न मारायची. तक्रार खोटी नव्हती. फक्त तक्रार करणारे आणि संध्याकाळी त्याच गाडीवरून अर्धा किलो भेंडी घेऊन वर कढीपत्ता मागणारे लोक एकच होते.

अडचण कशी सुरू झाली

एप्रिल २०२३. दहा-बारा पोरं, एक नवीन संघटना. त्यांचा म्होरक्या पूर्वी आमच्याच युवा आघाडीत होता, पद मिळालं नाही म्हणून रुसलेला. (हे बाहेर कोणाला माहीत नव्हतं, ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.) पहिला व्हिडिओ चाळीस सेकंदांचा. एका केळीवाल्यासमोर मोबाईल धरून प्रश्न, लायसन दाखव. दुसऱ्या आठवड्यात प्रश्न बदलला, गाव कुठलं. तिसऱ्या आठवड्यात परत बदलला, नाव काय तुझं. नाव विचारायला लागले म्हणजे काय विचारायला लागले ते वेगळं सांगायची गरज नाही.

फुटपाथ या सगळ्यातनं केव्हाच गायब झाला होता. पण व्हिडिओच्या खाली लिहिलेलं असायचं "फुटपाथ मोकळे करा", त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर काकालोक अंगठे देत होते.

भाऊंनी मला बोलावलं आणि विचारलं, "किती मतं जातील रे?"

मी यादी घेऊन बसलो, बूथ बूथ चाळले, पोरांची घरं, नातेवाईक, मंडळं, सगळं जोडलं आणि सांगितलं की भाऊ काही नाही, उभे राहिले तरी डिपॉझिट जाईल. आकडा बरोबर होता, आजही मी तो बरोबरच म्हणेन. प्रश्न चुकीचा होता. कारण त्याच आठवड्यात तो व्हिडिओ आमच्या स्वतःच्या पक्षाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी टाकला, तर आमच्या युवा अध्यक्षाने. खाली नऊ जणांनी भगवे झेंडे आणि फायर टाकलं. विरोधात एक शब्द नाही. भाऊंनी तो मेसेज बघितला, मी बघितलेलं बघितलं, आणि फोन खिशात ठेवला.

थोडं बाहेरचं सांगतो, कारण मी एमएला असताना ब्रिटनवर पेपर लिहिला होता आणि तरी त्या दिवशी ते डोक्यात आलं नाही याचं मला आजही आश्चर्य वाटतं. तिकडे युकिप नावाचा कडवा पक्ष, युरोपियन युनियनमधून बाहेर पडा एवढाच धोशा. २०१५ च्या निवडणुकीत त्यांना १२.६ टक्के मतं आणि खासदार किती, तर १. मतांचा आणि जागांचा हिशोब करणारा कोणीही म्हणेल काही नाही हो. पण त्या आधीच, जानेवारी २०१३ मध्ये, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे पंतप्रधान कॅमेरून सार्वमताचं वचन देऊन बसले होते. का, तर ऑक्टोबर २०११ ला त्यांच्याच ८१ खासदारांनी पक्षाचा आदेश धुडकावून सार्वमताच्या बाजूने मत दिलं होतं. २०१४ ला दोन खासदार तर सरळ युकिपमध्ये गेले आणि पोटनिवडणूक जिंकून परत आले. कॅमेरूनना भीती समोरच्या एका जागेची नव्हती, पाठीमागच्या बाकांची होती. अमेरिकेत तेच, जून २०१४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचा सभागृहातला नेता एरिक कँटर स्वतःच्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीतच (पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक) हरला, टी पार्टी या पक्षातल्याच कडव्या गटाच्या मतदारांमुळे, डेमोक्रॅट लोकांनी त्याला हातही लावला नव्हता.

म्हणजे बाहेरचा कडवा गट तुमच्या मतदारांशी बोलत असतो असं आपल्याला वाटतं, पण तो बोलत असतो तुमच्या कार्यकर्त्यांशी. त्यांना रोज विचारत असतो, तुमचा साहेब हे का बोलत नाही? आणि कार्यकर्त्याकडे उत्तर नसलं की त्याला आपल्याच ऑफिसची लाज वाटायला लागते. आमच्याकडे नेमकं हेच चालू होतं आणि आम्ही बूथ मोजत होतो.

कोणते पर्याय समोर होते

जूनमध्ये मीटिंग झाली. भाऊ, सत्तरीचे एक काका (सहकारी बँकेतनं निवृत्त, सगळ्यांचे काका), महिला आघाडीच्या वहिनी, युवा अध्यक्ष आणि कोपऱ्यात मी.

काकांचं मत, काही करू नका. "पुण्याला जहाल-मवाळ नवं आहे का? १९०७ ला सुरतेला जोडा फेकून झालाय, त्या मानाने ही पोरं काय." मग त्यांनी जवळचं उदाहरण काढलं, २०१२ ला मनसेचे पुणे महापालिकेत २९ नगरसेवक आले होते, दोन नंबरचा पक्ष, सगळे घाबरले होते, २०१७ ला किती उरले? २. "फेस असतो तो, बसतो." मुद्दा वजनदार होता आणि आकडे पण बरोबर. पण फेस बसला तेव्हा त्याच्याखाली काय उरलं हे काकांनी सांगितलं नाही. मराठी पाट्या, परप्रांतीय, या गोष्टी २०१२ ला एका पक्षाच्या होत्या, नंतर कोणीही उचलायला मोकळं झालं. नगरसेवक गेले, बोलणं राहिलं.

युवा अध्यक्ष म्हणाला, मुद्दा आपलाच आहे, ते आपल्या ताटातलं खातायत. आपणच जोरात बोलू, मग त्यांच्याकडे कोण बघतंय. आणि त्याने एकदम मोठं उदाहरण टाकलं, भाजपचं. १९८४ ला २ खासदार. १९८९ च्या जूनमध्ये पालमपूरला रामजन्मभूमीचा ठराव केला, त्याच वर्षी ८५, १९९१ ला १२०. "आंदोलन अंगावर घेतलं म्हणून वाढले ना?" यावर खोलीत शांतता झाली, कारण उदाहरण खरं आहे. त्या वेळी मला सुचलं नाही ते आता लिहितो. ते आंदोलन चालवणारी विश्व हिंदू परिषद आणि भाजप एकाच परिवारातले होते, एकमेकांची मतं कापायला उभे नव्हते, आंदोलन पेटलं की फायदा ठरलेल्या ठिकाणीच जाणार होता. आमच्याकडे म्होरक्या हा आम्हाला सोडून गेलेला आणि आमचंच दुकान बसवायला निघालेला. शिवाय १९८० ला गांधीवादी समाजवाद म्हणून सुरू झालेला पक्ष त्या दहा वर्षांत वेगळाच पक्ष झाला. त्यांना तसं व्हायचं होतं. भाऊंना व्हायचं होतं का, हे कोणी विचारलंच नाही.

वहिनी एकट्या उघड विरोध करा म्हणाल्या. "मी पंधरा वर्षं ज्याच्याकडनं केळी घेते, हरतालिकेला जो स्वतःहून दोन केळी जास्त टाकतो, त्याला मी नाव विचारू? आणि ही पोरं आपल्याच वाड्यातली आहेत, त्यांच्या आयांना मी ओळखते, मी जाऊन बोलते." भाऊ म्हणाले, वहिनी, उघड बोललो तर उद्या व्हिडिओ निघेल, भाऊ फेरीवाल्यांचे. वहिनी म्हणाल्या, निघू दे. त्यावर युवा अध्यक्ष हसला. ते हसणं मला आठवतं, कारण वहिनी त्यानंतर त्या मीटिंगमध्ये काही बोलल्याच नाहीत.

अभ्यासक लोकांची पण यादी साधारण हीच आहे. बॉनी मेगिड नावाच्या बाईंनी २००५ ला मांडलंय, मोठ्या पक्षाकडे तीन रस्ते, दुर्लक्ष करा, त्यांचा मुद्दा उचला, नाहीतर विरोधात उभे राहा. तीन माणसं, तीन रस्ते, आमची मीटिंग अगदी पुस्तकी होती.

चौथा रस्ता कोणी काढला नाही आणि तो मला माहीत होता. २०१४ चा फेरीवाला कायदा. आधी सर्वेक्षण, मग विक्रीचं प्रमाणपत्र, तोपर्यंत कोणाला उठवायचं नाही. हलवायचं तर तीस दिवसांची नोटीस. शहर फेरीवाला समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांनी निवडून दिलेले. म्हणजे फुटपाथचा प्रश्न सोडवायला पट्टे आखून, एका बाजूला गाड्या, दुसरी बाजू चालायला, असं मागता आलं असतं, कंटाळवाणं पण खरं काम, जे या ऑफिसला चाळीस वर्षं जमत होतं. मी बोललो नाही. पगारी माणसाने मध्ये बोलायचं नसतं असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला पण वाटत होतं की यात मजा नाही, यावर रील होत नाही.

काय केलं

भाऊंनी मधला मार्ग काढला. विरोध नको, गप्प पण बसायचं नाही, आपण सभ्य भाषेत तेच बोलू. क्षेत्रीय कार्यालयाला निवेदन द्यायचं. ड्राफ्ट मी केला. "अनधिकृत फेरीवाल्यांची तपासणी करून कारवाई करावी." अनधिकृत हा शब्द माझा, मला वाटलं कायद्याचा शब्द आहे, सेफ आहे, यात कोणाचं गाव नाही नाव नाही. स्वतःवर खूश होतो मी.

निवेदन द्यायला जुलैमध्ये गेलो तेव्हा गेटवर फ्लेक्स. युवा अध्यक्षाने रात्रीत छापून आणलेला. भाऊंचा हात जोडलेला फोटो, आणि वर मोठ्या अक्षरात "बाहेरच्यांना हाकला". मी भाऊंकडे बघितलं, भाऊंनी फ्लेक्सकडे बघितलं, समोर कॅमेरे होते, आणि ते म्हणाले, "असू दे आता, पोरांचा उत्साह आहे."

असू दे आता. माझ्या मते सगळं प्रकरण या तीन शब्दांत आहे. तिथे तो फ्लेक्स काढायला लावला असता तर युवा अध्यक्ष चिडला असता, कदाचित त्याच दिवशी गेला असता. तो गेलाच, सहा महिन्यांनी, आणि मधल्या सहा महिन्यांत आमचं सगळं वापरून गेला.

चार दिवसांनी अतिक्रमणची गाडी आली. गाडीला कोण बाहेरचा कोण आतला कळत नाही, दिसेल ते उचललं. त्यात एका पालेभाजीवाल्या मावशींची गाडी गेली. वीस वर्षं त्याच जागी, मुळशीकडच्या, लायसन नवऱ्याच्या नावावर आणि नवरा वारलेला. त्यांचा मुलगा आमच्या बूथवर पोलिंग एजंट बसायचा. तो ऑफिसात आला, भांडला नाही, ओरडला नाही, फक्त विचारलं, "भाऊ, आई बाहेरची आहे का?" भाऊंनी गाडी सोडवून आणली, दंड स्वतः भरला. पण पुढे बूथवर तो बसणार नाही हे तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या संघटनेचा व्हिडिओ आला, "आमच्या दणक्याने भाऊंना जाग आली". निवेदन आमचं, शिव्या आम्हाला, श्रेय त्यांचं. आणि लगेच पुढची मागणी, आता फक्त फुटपाथ नाही, दुकानात कामाला कोण कोण आहे त्याची यादी करा. यावर आमच्याकडे बोलायला काही उरलंच नव्हतं, कारण तपासणी करा हे आम्हीच म्हणून बसलो होतो, आता कुठपर्यंत एवढाच वाद. फ्रान्समधल्या कडव्या उजव्या पक्षाचा नेता ज्याँ-मारी ल पेनच्या नावावर एक वाक्य सांगितलं जातं, लोक नकलेपेक्षा अस्सल माल पसंत करतात. आमची नक्कल तर नीट नक्कल पण नव्हती, पातळ केलेलं ताक होतं.

मग गणपती. सप्टेंबरमध्ये मोठ्या मंडळाने आरतीला भाऊंना बोलावलं आणि म्होरक्याला पण बोलावलं. जायचं की नाही यावर तासभर खल झाला. मी म्हणालो जा, गणपतीत कोण राजकारण बघतं. (ही माझी दुसरी चूक, पुण्यात राहून हे वाक्य बोलणं म्हणजे कमालच.) भाऊ गेले, आरतीचं ताट दोघांनी मिळून धरलं, फोटो निघाला. तोपर्यंत निम्म्या सोसायट्या त्या पोरांना टवाळ म्हणत होत्या. त्या फोटोनंतर म्हणायचं बंद झालं. भाऊंबरोबर ताट धरतो म्हणजे बरा असेल.

त्याच महिन्यांत नेदरलँड्समध्ये काय चाललं होतं बघा. व्हीव्हीडी हा तिथला मोठा उजवा पक्ष बरीच वर्षं म्हणत होता की विल्डर्स या कडव्या नेत्याच्या पक्षाबरोबर सरकारात बसणार नाही. व्हीव्हीडीचे पंतप्रधान रुटे गेल्यावर पक्षाच्या नवीन नेत्या येसिलगोझ आल्या आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी दार थोडं उघडं ठेवलं, सरसकट नाही म्हणणार नाही म्हणाल्या. २२ नोव्हेंबरला निकाल, विल्डर्सचा पक्ष १७ जागांवरून ३७, व्हीव्हीडी ३४ वरून २४. तिथे बाकी पण कारणं होती, घरं मिळत नव्हती, लोक जुन्या सरकारला कंटाळले होते, सगळं एका दारावर ढकलणं बरोबर नाही. पण ज्या मतदाराला विल्डर्सला मत म्हणजे वाया गेलेलं मत असं वाटायचं त्याला आता तसं वाटायचं कारण राहिलं नाही. मी ती बातमी दिवाळीनंतर ऑफिसात बसून वाचली आणि भिंतीवरचा आरतीचा फोटो बघितला, फ्रेम करून लावला होता आम्ही.

काय झालं शेवटी

जानेवारी २०२४ ला युवा अध्यक्ष नऊ जणांना घेऊन गेला. जाताना म्हणाला, तिथे स्पष्ट बोलता येतं. हे तेच नऊ होते ज्यांनी एप्रिलमध्ये झेंडे टाकले होते. आम्ही त्यांना थांबवण्यासाठी सहा महिने त्यांच्या भाषेत बोललो आणि ते त्या भाषेत आणखी पक्के होऊन गेले.

वहिनींनी राजीनामा वगैरे दिला नाही, येणं बंद केलं. त्यांच्याबरोबर बचत गटाच्या तीस-पस्तीस बायका यायच्या, त्या पण बंद झाल्या. माझ्या यादीत हे कुठेच दिसत नव्हतं, यादीत नाव असतं, येणं-जाणं नसतं.

व्यापारी आधी खूश होते, गाड्या हटल्या, दुकानासमोर पार्किंग झालं. मग पोरं दुकानात कामगारांची नावं विचारायला आली आणि मागोमाग वर्गणीची पावती. दोन दुकानदार भाऊंकडे आले, म्हणाले भाऊ हे थांबवा, तुमच्यापासनंच सुरू झालंय. भाऊंना फार लागलं ते. पहिल्यांदा मी त्यांना आवाज चढवताना बघितलं.

रस्ता? तीन आठवडे मोकळा होता. मग संध्याकाळी सहानंतर गाड्या लागायला लागल्या, मग चारनंतर, दिवाळीपर्यंत सगळं होतं तसं. केळीवाला मात्र परत आला नाही. कुठे गेला कोणाला माहीत नाही, मी वहिनींना विचारलं तर म्हणाल्या तुम्ही विचारायचं का आता.

आणि संघटना? २०२४ च्या पावसाळ्यात वर्गणीच्या हिशोबावरून फुटली. म्हणजे काकांचं बरोबर आलं, फेस बसला. पण मग दिवाळीत म्होरक्या परत पक्षात आला, पुष्पगुच्छ, पेढे, आणि प्रभाग उपाध्यक्ष हे पद. जे २०२२ ला मागत होता त्याच्यापेक्षा मोठं. आता ऑफिसात तो बसतो, नाव विचारायची भाषा तिथेच बोलली जाते आणि कोणाला खटकत नाही. ब्रिटनमध्ये पण २०१७ ला युकिप १.८ टक्क्यांवर आला आणि सगळे म्हणाले संपला. मे २०१९ च्या युरोपियन संसदेच्या निवडणुकीत युकिपचाच जुना नेता फराज नवा पक्ष घेऊन पहिला आणि सत्तेतला कॉन्झर्व्हेटिव्ह पाचवा. कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान जॉन्सननी त्यांचीच लाइन घेऊन डिसेंबर २०१९ ची निवडणूक जिंकली, ३६५ जागा, आणि २०२४ ला तोच पक्ष १२१ वर आला, फराजचा आणखी नवा पक्ष १४.३ टक्के घेऊन बसला. दुकानाची पाटी बदलत राहिली, माल तोच.

कुठे वळण चुकलं, काय वेगळं करता आलं असतं

लोक म्हणतील मुद्दा उचलल्याने कधीच फायदा होत नाही असं थोडंच आहे. नाहीच. डेन्मार्कमध्ये सोशल डेमोक्रॅट पक्षाने स्थलांतरावर कडक भूमिका घेतली आणि डॅनिश पीपल्स पार्टी २०१५ च्या २१.१ टक्क्यांवरून २०१९ ला ८.७ वर आली. पण तो डावीकडचा पक्ष होता, आपले गेलेले कामगार मतदार परत आणत होता, आणि २०२२ ला तशाच भाषेचा एक नवीन पक्ष ८.१ टक्के घेऊन आलाच. पश्चिम युरोपातल्या बऱ्याच देशांचा डेटा घेऊन २०२२ मध्ये एक अभ्यास आला, त्यात मोठ्या पक्षांनी कडव्यांची भूमिका घेतल्याने कडव्यांची मतं कमी होतात याचा पुरावा सापडला नाही. मी हे सगळं भाऊंना सांगितलं असतं तर त्यांनी चहा मागवला असता, मला माहितीय. युरोपचा डेटा प्रभागात चालत नाही.

प्रभागात चाललं असतं ते वहिनींचं. पहिल्या आठवड्यात, बारा पोरांपैकी आठ-नऊ जणांच्या घरी जाऊन बसणं. ती काही विचारसरणीने भारलेली पोरं नव्हती, निम्मी बेकार होती, दोघं डिलिव्हरीचं काम करायची, एकाला फक्त मोबाईलवर आपला चेहरा बघायला आवडायचं. म्होरक्याचा रुसवा पण आपलाच होता. त्याला तेव्हा एक साधं पद दिलं असतं तर? मी यावर खूप विचार केलाय आणि मला नक्की सांगता येत नाही. कदाचित त्याने आतूनच हे केलं असतं. पण जे पद शेवटी घाबरून दिलं ते आधी अटी घालून देता आलं असतं एवढं नक्की.

दुसरं, तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. भाऊंनी फोन खिशात ठेवायच्या ऐवजी तिथेच एक ओळ लिहायची होती, "आपण नाव विचारत नाही, लायसनचा विषय मी कमिशनरकडे नेतो." नऊ जण नाराज झाले असते. पण ग्रुपवर दोनशे माणसं होती आणि बाकीची साहेब काय म्हणतात याची वाट बघत होती. गप्प बसणाऱ्यांना आम्ही सहमत धरलं. ते सहमत नव्हते, ते भाऊंसाठी थांबले होते.

तिसरं म्हणजे ते निवेदन. पट्टे आखा, सर्वेक्षण करा, मावशींचं लायसन नावावर करून द्या, ज्येष्ठांसाठी एक बाजू मोकळी, असं निवेदन दिलं असतं तर संघटनेला त्यात खायला काही नव्हतं. लगेच काही झालं नसतं, प्रशासकाच्या राज्यात फाइल कशी चालते सगळ्यांना माहितीय, पण वर्षभर पाठपुरावा करायला एक काम मिळालं असतं आणि कार्यकर्त्याला विचारल्यावर द्यायला उत्तर.

आरतीबद्दल माझं आणि काकांचं अजून भांडण आहे. ते म्हणतात गणपतीला नाही म्हणणं शक्यच नव्हतं. मी म्हणतो जायचं होतं, पण सकाळच्या आरतीला. मंडळाला दिवसात दोन आरत्या असतात हे दहा दिवसांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मी काम सोडलं डिसेंबर २०२४ ला. नंतर महापालिकेच्या निवडणुकीचं वारं परत सुरू झालं तेव्हा भाऊंचा फोन आला, कसा आहेस, घरी सगळे बरे ना, आणि मग, "अरे ती यादी जरा नव्याने काढून दे ना. आणि ते नऊ-दहा जण आपले धरून बघ किती होतात."

मी म्हणालो, "भाऊ, वहिनी धरून का सोडून?"

पलीकडून जरा वेळ काही आलं नाही. मग म्हणाले, "दोन्ही काढ."

दोन्ही काढून पाठवल्या. पैसे अजून आले नाहीत.